एकाच पॅनमधला खिमा-पास्ता: पास्त्याचा गोळा होतो आणि खिमा वातडच राहतो, त्यावरचा उपाय

आमच्या घरी बुधवार आणि शुक्रवारची रात्रीची चूल माझ्याकडे असते. बायको परिचारिका आहे, त्या दोन दिवशी तिची दुपारपाळी असते आणि ती घरी येईपर्यंत साडेनऊ वाजतात. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून वडगावला सात-सव्वासातला पोचतो. पोरांना आठपर्यंत जेवायला हवं असतं. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्यात मटण-मासे चालत नाहीत, त्यामुळे बुधवार-शुक्रवारी काहीतरी मटणाचं हवं असा पोरांचा हट्ट. भाकरी मला थापता येते, पण सव्वासातला घरी येऊन रस्सा आणि भाकरी दोन्ही करायचं म्हटलं की नऊ वाजतात. म्हणून हा एका पॅनमधला खिमा-पास्ता सुरू केला. एकच भांडं, त्यातच खिमा परतायचा, त्यातच टोमॅटो, त्यातच पाणी आणि कोरडा पास्ता टाकायचा, अर्ध्या तासात जेवण तयार. कागदावर असं दिसतं.

प्रत्यक्षात ओळीने पाच-सहा बुधवार एकच गोष्ट झाली. पास्ता चमच्याला चिकटून गोळ्यासारखा वर यायचा आणि खिमा मात्र दाताखाली खड्यासारखा लागायचा. धाकटा म्हणायचा, "पप्पा, पास्ता विरघळलाय आणि खिमा अजून चघळायलाच लागतोय की." मग पुढच्या वेळी मी पाणी वाढवलं, म्हणजे जास्त वेळ शिजेल. खिमा तसाच, पास्ता आणखी गचगचीत. त्याच्या पुढच्या वेळी पाणी कमी केलं. आता पास्त्याच्या मध्यभागी पांढरा कच्चा ठिपका, तळ करपलेला, खिमा पुन्हा तसाच. मसाला बदलून पाहिला, गॅसची आच बदलून पाहिली. शेवटी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला प्रत्येक वेळी काय, किती आणि किती मिनिटं हे लिहायला लागलो, तेव्हा कुठे कारण सापडलं. असंच तुमचंही होत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

मूळ कारण

पॅन एक असला तरी शिजायला लागणारे वेळ दोन आहेत. पास्त्याला दहा-अकरा मिनिटं लागतात आणि त्याहून जास्त दिली की तो सुटायला लागतो. खिम्याला आपल्याकडे, आपल्या मटणाला, पंचवीस मिनिटं ते पाऊण तास लागतो. दोघं एकत्र शिजायला टाकले की एकाचं वाटोळं होणारच. पाणी कमी-जास्त करून हे सुटत नाही, कारण चूक पाण्यात नाहीच.

मग मूळ पाककृतीत हे जमतं कसं? ती पाककृती अमेरिकेकडची आहे आणि तिथल्या गाईच्या मांसाच्या खिम्यावर बेतलेली आहे. दुकानात मिळणाऱ्या त्या खिम्याचा नेहमीचा प्रकार म्हणजे ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबी, मशीनमधून बारीक काढलेला. चरबी वितळत गेली की त्याच चरबीत तो परतला जातो आणि सात-आठ मिनिटांत खायच्या लायकीचा होतो. नंतर पास्त्याबरोबर दहा मिनिटं अजून मिळतात ती वरकड. तिथल्या माणसाला खिमा वेगळा शिजवावा लागतो हे सांगायची गरजच पडत नाही, म्हणून पाककृतीत ते लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे जे येतं ते वेगळं. मटणवाल्याकडे खिमा म्हटला की बहुतेक वेळा मान, नळीजवळचं मांस, पोटाकडचे पापुद्रे असं उरलेलं एकत्र करून दिलं जातं. त्यात चरबी कमी आणि पांढरे पडदे जास्त. हे पडदे म्हणजे कोलॅजन. ते नुसत्या उष्णतेने मऊ होत नाही, त्याला ओलावा आणि वेळ दोन्ही लागतं. पहिल्या दहा मिनिटांत तर ते आवळून येतं आणि मांसातलं पाणी बाहेर पिळून काढतं. म्हणजे आपण नेमका खिमा सगळ्यात वातड असताना गॅस बंद करत असतो.

म्हशीचा खिमा वापरणाऱ्यांना हे दुप्पट लागू आहे. माझ्या शेजारच्या खात्यातला एक मित्र कॅम्पात राहतो, त्यांच्याकडे तोच आणतात आणि त्याचीही हीच तक्रार होती. कर्नाटकात २०२० च्या कायद्याने गाय, बैल, वासरू सगळ्यांच्या कत्तलीला बंदी आहे, आणि म्हशीलाही वयाची १३ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परवानगी नाही. म्हणजे कायद्याने इथे मिळणारं 'मोठ्याचं' मटण हे म्हाताऱ्या जनावराचंच असणार. वय वाढतं तसं कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट विणले जातात आणि ते सुटायला जास्त वेळ लागतो. शिवाय म्हशीच्या मांसात मधली चरबी कमी. त्यामुळे परदेशी व्हिडिओत बघून म्हशीच्या खिम्याला आठ मिनिटं दिली तर तो रबरच राहणार, त्यात करणाऱ्याचा काही दोष नाही.

आणखी एक लहान कारण आहे, पण ते आपल्या गावाचंच आहे म्हणून सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी १०० अंशांना नाही तर साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. पास्त्याला त्याने फार तर एखादं मिनिट जास्त लागतं. पण उघड्या भांड्यात मांस शिजवताना तेवढाही फरक जाणवतो. आपल्या आया-आज्ज्या मटणाला कुकर लावतात त्यामागे हाही एक हिशेब आहेच.

आधी ही एक चाचणी करा

पास्ता टाकायच्या आधी खिम्याचा एक दाणा बाहेर काढा, जरा निवू द्या आणि दोन बोटांत दाबा. दाबला की चुरडला पाहिजे. परत उसळून गोल होत असेल, बोटाखाली सरकत असेल, तर पास्ता टाकू नका. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, पाककृतीत काहीही सांगितलेलं असो. खिमा पूर्ण शिजेपर्यंत पास्त्याचं पाकीट फोडायचंच नाही, हा एक नियम पाळला तरी निम्म्याहून जास्त तक्रार संपते. माझी संपली.

एकच भांडं, पण प्रेशर पॅन

आता प्रश्न असा की खिम्याला पाऊण तास द्यायचा तर 'झटपट' कुठे राहिलं? त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे कढई सोडून प्रेशर पॅन घेणं. रुंद, बसका, तीन लिटरचा. बहुतेक घरांत असतो आणि त्यात आठवड्यातून एकदा भात होतो. तळ जाड असतो, रुंद असल्यामुळे खिमा पसरून परतता येतो, झाकण लावलं की कुकर आणि झाकण काढलं की कढई. भांडं शेवटपर्यंत एकच राहतं. आत दाब असल्यामुळे उष्णता ११५ ते १२० अंशांपर्यंत जाते आणि उघड्यावर अर्धा तास लागणारं काम आठ-दहा मिनिटांत होतं.

चार माणसांचं माझं माप असं: खिमा ४०० ग्रॅम, पास्ता २०० ग्रॅम, कांदे दोन मध्यम, टोमॅटो तीन (साधारण ३०० ग्रॅम), लसूण आठ-दहा पाकळ्या, आलं बोटभर, तेल दोन मोठे चमचे, हळद, आणि आपली घरची कांदा-लसूण चटणी दीड चमचा. चटणी संकेश्वरी मिरचीची असेल तर एकच चमचा, ती चांगलीच झणझणीत असते. ब्याडगीची असेल तर दोन चमचे घातले तरी पोरं खातात आणि रंगही छान येतो. वरून चीज.

सव्वासातला आल्या आल्या दोन कामं एकदम करा. मोठ्या शेगडीवर पॅन तापत ठेवा आणि इलेक्ट्रिक किटलीत अर्धा लिटर पाणी. हे पाणी नंतर लागणार आहे आणि ते गरमच लागणार आहे, त्याचं कारण पुढे येतं.

तेल चांगलं तापलं की खिमा टाकायचा, हाताने किंवा उलथन्याने दाबून पूर्ण तळावर पातळ पसरायचा, आणि चार-पाच मिनिटं त्याला हात लावायचा नाही. ढवळायचा मोह आवरा. खालची बाजू तपकिरी होऊ दे, मग उलटा आणि मोडा. ही खरपूस बाजूच पुढे सगळ्या पास्त्याला चव देते. इथे आणखी एक तक्रार ऐकू येते: खिमा तपकिरी होतच नाही, राखाडी होतो आणि पाण्यात पोहत राहतो. त्याची कारणं तीन. खिमा फ्रीजमधून थेट पॅनमध्ये पडतो, धुतल्यावर निथळलेला नसतो, किंवा शेगडी लहान असते. दुकानातून आणल्यावर धुवून चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा आणि मगच फ्रीजमध्ये टाका. संध्याकाळी आल्यावर कपडे बदलून होईपर्यंत बाहेर काढून ठेवा, तेवढं पुरे. मीठ परतताना घालू नका, झाकण लावायच्या वेळी घाला. आधी घातलेलं मीठ मांसातलं पाणी ओढून काढतं आणि मग परतणं होतच नाही, उकडणं होतं.

तपकिरी झाला की बारीक चिरलेला कांदा आणि आलं-लसूण. तीन-चार मिनिटं. मग गॅस बारीक करून हळद आणि चटणी, लगेच अर्धी वाटी पाणी. चटणी कोरड्या तापलेल्या तळावर पडली की क्षणात जळते आणि सगळं जेवण कडवट होतं, म्हणून पाणी हातात तयार ठेवूनच ती घालायची. पाणी पडलं की तळाला चिकटलेलं सगळं खरवडून काढा. मीठ घाला. झाकण लावा. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग मंद आचेवर पालव्याच्या किंवा कोवळ्या बोकडाच्या खिम्याला आठ मिनिटं, जून असेल तर बारा, म्हशीच्या खिम्याला अठरा ते वीस. कॅम्पातल्या मित्राने वीस मिनिटांवरच समाधान मानलं.

टोमॅटो मी मुद्दाम झाकण लावायच्या आधी घालत नाही. कमी पाण्यात दाबाखाली टोमॅटोचा गर तळाला बसतो आणि करपतो. झाकण काढल्यावर तो घालायचा आणि मोठ्या आचेवर चार मिनिटं परतायचा. नळाखाली पॅन धरून दाब उतरवला तरी चालतो, खिम्याला त्याने काही होत नाही. फक्त शिट्टी उचलून वाफ पूर्ण गेल्याची खात्री करा आणि मगच झाकणाला हात लावा.

मग बोटांची ती चाचणी. चुरडला? आता पास्ता.

एक गोष्ट इथे ठासून सांगतो. पास्ता घातल्यावर प्रेशरचं झाकण परत लावू नका. काही जण दोन शिट्ट्यांत पास्ता करतात हे मला माहीत आहे. पण पास्त्याच्या पिठाचा फेस वर येतो आणि तो शिट्टीच्या भोकात अडकू शकतो. भोक तुंबलेला कुकर ही घरातली सगळ्यात वाईट गोष्ट. घरात पोरं शेजारी उभी असतात. साधं ताट किंवा दुसऱ्या पातेल्याचं झाकण वर ठेवा.

पाण्याचा हिशेब

लोक मला विचारतात, "पास्ता बुडेपर्यंत पाणी घालायचं ना?" तसं मोजू नका. भांडं रुंद असेल तर बुडायला वेगळं पाणी लागतं, अरुंद असेल तर वेगळं, आणि पास्ता मात्र तेवढाच पितो. २०० ग्रॅम कोरडा पास्ता शिजून साधारण साडेचारशे ग्रॅम होतो. म्हणजे अडीचशे मिलीच्या आसपास पाणी तो पोटात घेतो. झाकण ठेवून दहा-अकरा मिनिटांत शंभर ते दीडशे मिली वाफेवर जातं. टोमॅटो स्वतःचं बरंच पाणी सोडतो आणि तेच शेवटी रस म्हणून खाली उरतं. म्हणून २०० ग्रॅमला ४५० मिली उकळतं पाणी. पाण्याची अर्धा लिटरची बाटली असते ना, तिच्या गळ्याखाली दोन बोटं सोडून भरली की झालं. उरलेलं किटलीत राहू दे, लागलं तर दोन-दोन चमचे घालता येतं. घातलेलं पाणी काढता मात्र येत नाही.

पाहुणे आले आणि पास्ता दुप्पट केला तर पाणी दुप्पट करू नका. ४०० ग्रॅमला ९०० नाही, ७५०-८०० मिली. वाफ भांड्याच्या तोंडातून जाते आणि तोंड तेवढंच आहे. हे ध्यानात न आल्यामुळे गणपतीत माझा एक मोठा पॅन खिरीसारखा झाला होता.

पाणी गरमच का, तर थंड पाणी घातलं की पॅन निवतो आणि परत उकळी यायला पाच-सहा मिनिटं जातात. तेवढा वेळ पास्ता कोमट पाण्यात भिजत पडतो, वरचं पीठ सुटतं, एकाला एक चिकटतात आणि उकळी येईपर्यंत गठ्ठे झालेले असतात. पहिल्या दोन मिनिटांत तर उलथनं हातातून सोडूच नका. त्यानंतर दर दोन मिनिटांनी एकदा, तळ खरवडत. चिकटतं ते तळालाच, वरवर ढवळून काही उपयोग नाही.

आठव्या मिनिटाला एक दाणा दातांनी तोडून बघा. मध्ये टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद करा आणि झाकून तीन मिनिटं ठेवा. आत उष्णता असते, रस असतो, तो ठिपका तेवढ्यात जातो. ठिपका पूर्ण जाईपर्यंत गॅसवर ठेवला की ताटात येईपर्यंत पास्ता मऊ होऊन गेलेला असतो. पोहे जसे झाकून वाफेवर जिरू देतो, तसंच हे.

हे सगळं करूनही गोळा होत असेल तर पास्ता बघा

सुट्टी मॅकरोनी किलोवर मिळते. स्वस्त असते आणि मीही आधी तीच आणायचो. ती बहुधा साध्या गव्हाच्या रव्याची किंवा मैद्याची असते. खरा पास्ता ड्युरम गव्हाचा. ड्युरम म्हणजे कोणी परका नाही, आपला बन्सी. बन्सी रव्याचा उपमा मोकळा होतो आणि साध्या रव्याचा चिकट, हे बेळगावात कोणाला शिकवायला नको. कारणही तेच: या गव्हाचा दाणा कडक, त्यातली प्रथिनं पिठाला घट्ट धरून ठेवतात, उकळत्या पाण्यात स्टार्च लवकर बाहेर सांडत नाही. तेव्हा पाकिटामागे घटकांत 'ड्युरम' शब्द आहे का ते वाचून घ्या. खिमा, टोमॅटो, पाणी सगळं एकत्र उकळणाऱ्या या प्रकारात साधी मॅकरोनी टिकत नाही. भरपूर पाण्यात वेगळी उकडून निथळायची असेल तर ठीक आहे. इथे निथळायला जागाच नाही, सुटलेलं सगळं पीठ पॅनमध्येच राहतं.

घरात साधीच मॅकरोनी असेल आणि आज तीच करायची असेल तर आधी चमचाभर तेलात तीन-चार मिनिटं बदामी होईपर्यंत भाजून बाजूला काढा, पाणी ५० मिली कमी घ्या आणि सहाव्या मिनिटाला चाखा. भाजल्याने बराच फरक पडतो.

आकार म्हणाल तर पेने, शंख किंवा कोपरावाली. लांब स्पगेटी या भांड्यात मावत नाही, मोडून घातली तर टोकं पाण्याबाहेर राहतात आणि अर्धी कच्ची, अर्धी मऊ अशी होते.

आईने एकदा खपलीच्या शेवयांवर हे करायला लावलं. धारवाड, बेळगाव, बागलकोट, विजापूर हा सगळा खपली गव्हाचा पट्टा, ज्या गव्हाची आपण हुग्गी (गोड खीर) करतो तोच. तिचं म्हणणं, "तुझ्या त्या पास्त्यापेक्षा आपल्या शेवया काय वाईट आहेत रे?" आणि खरंच वाईट नाहीत. खपलीची शेवई तुपावर भाजून घेतली तर मोकळी राहते. पण ती चार-पाच मिनिटांत शिजते, म्हणून खिमा पूर्ण तयार पाहिजे आणि पाणी २०० ग्रॅमला ३०० मिलीच्या वर नको. चीज मात्र तिच्यावर चांगलं लागत नाही, वरून लिंबू आणि कोथिंबीर घ्या. महिन्यातून एकदा तरी आता आमच्यात हेच होतं.

दूध फाटतं, चीजचे धागे होतात

पांढरट, मऊ रस हवा म्हणून शेवटी दूध घातलं की चोथा-पाणी होतं, ही तक्रार बहुतेकांची असते. टोमॅटो आंबट, पॅन उकळता आणि दूध पातळ, ते फाटणारच. दूध घालूच नका. घरची दोन चमचे साय फेटून घ्या, गॅस बंद केल्यावर, उकळी बसल्यावर मिसळा. साईत स्निग्धांश जास्त आणि फाटणारी प्रथिनं कमी असल्यामुळे ती टिकते. टोमॅटो फारच आंबट असतील तर परततानाच चिमूटभर साखर.

चीजच्या बाबतीत मी महागड्या मोझरेलावरून परत साध्या प्रोसेस्ड चीजच्या क्यूबवर आलो आणि समाधानी आहे. त्यात स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार असतात, त्यामुळे ते रसात सारखं वितळतं. मोझरेला गरम रसात धागे आणि गुठळ्या करतं, ते पिझ्झावरच शोभतं. चार माणसांना दोन क्यूब किसून, तेही गॅस बंद झाल्यावर. क्यूब खारट असतात, म्हणून आधीचं मीठ हात राखून.

भांडं, आणि खिमा घेताना बोलायच्या चार गोष्टी

पातळ जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) कढईत हा पदार्थ करू नका. तळ एका जागी तापतो, सुटलेलं पीठ तिथे बसतं आणि करपतं, कितीही ढवळा. लोखंडी कढई परतायला उत्तम, पण टोमॅटो दहा-पंधरा मिनिटं त्यात उकळला की रस काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. प्रेशर पॅन नसेल तर जाड बुडाची स्टीलची कढई घ्या आणि खिम्याला घट्ट झाकण ठेवून, अर्धी-अर्धी वाटी पाणी घालत, तीस-पस्तीस मिनिटं द्या. वेळ जास्त, पण पोरांचा अभ्यास घेता घेता होतं.

सगळ्यात जास्त फरक मात्र मटणवाल्याच्या दुकानातच पडतो. आता मी "खिमा द्या" एवढंच म्हणत नाही. आधी तुकडा निवडतो, "फऱ्याचं द्या, पांढरे पडदे काढून, आणि थोडी चरबी राहू द्या", आणि मग "दोनदा मशीनमधून काढा" असं सांगतो. पहिल्या वेळी दुकानातल्या मामांनी, "दोनदा कशाला, साहेब?" म्हणून विचारलं, आता मला बघितलं की स्वतःच दोनदा घालतात. दुसऱ्या फेरीत उरलेले पडदे तुटतात आणि शिजायचा वेळ सरळ कमी होतो. सुरीने केलेला हातखिमा चवीला नक्कीच सरस, पण तो रविवारी सावकाश करायच्या खिम्याला. बुधवारी रात्री मशीनचाच घ्या.

कच्च्या पपईबद्दल विचारणारे बरेच असतात. ४०० ग्रॅमला एक लहान चमचा किसलेली कच्ची पपई, पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. सकाळी लावून फ्रीजमध्ये ठेवून कामावर गेलात तर संध्याकाळी खिमा नाही, पीठ मिळेल. हे माझं करून झालेलं आहे. त्यापेक्षा पाव चमचा खायचा सोडा चमचाभर पाण्यात कालवून खिम्याला चोळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मांस पाणी धरून ठेवतं आणि तपकिरीही लवकर होतं. पाव चमच्याच्या वर गेलात तर साबणासारखी चव येते, मापूनच घाला.

बुधवारचा अर्धा स्वयंपाक रविवारी

आता मी बऱ्याचदा असं करतो. रविवारी मटण आणायला जातोच, तेव्हा अर्धा किलो खिमा जास्तीचा आणतो. कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ घालून प्रेशरला पूर्ण शिजवतो, मसाला आणि टोमॅटो घालत नाही. निवला की लगेच डब्यात, फ्रीजमध्ये. बुधवारपर्यंत चांगला राहतो. शुक्रवारसाठी असेल तर फ्रीझरमध्ये, आणि गुरुवारी रात्री खाली काढून ठेवायचा. ओट्यावर दिवसभर ठेवून वितळवायचा नाही, आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत तर अजिबातच नाही. मग बुधवारी तेलात तो तीन मिनिटं परतायचा, चटणी, टोमॅटो, पाणी, पास्ता. सव्वासातला सुरू केलं की पावणेआठला ताटं मांडलेली असतात.

उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी दगडासारखा घट्ट होतो. शिजलेला स्टार्च निवला की आवळतो, त्यात काही बिघडलेलं नसतं. गरम करताना वाटीभर पास्त्याला दोन-तीन चमचे पाणी शिंपडा, झाकण ठेवा, मंद आचेवर पाच मिनिटं, आणि पूर्ण वाफाळेपर्यंत गरम करा, नुसता कोमट नको. बायकोचं ताट मी हल्ली आधीच वेगळं काढतो: पास्ता पांढरा ठिपका असतानाच, दोन डाव रस जास्त घालून, झाकून. साडेनऊला ती येते तेव्हा तो ठिपका रसात भिजून गेलेला असतो आणि नुसता गरम करून तिला बरोबर शिजलेला मिळतो.